मकरेतील गुरू-शनी युती : एका दिवसाच्या तीन पत्रिका

२१ डिसेंबर २०२० रोजी गुरू आणि शनी आकाशात एकमेकांच्या इतके जवळ आले, की त्यांच्यात अवघ्या सहा कलांचे (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) अंतर उरले. १६२३ नंतर हे दोन ग्रह इतके जवळ आले नव्हते. चित्रापक्षीय अयनांशांनुसार (राशिचक्राचा आरंभ चित्रा ताऱ्यावरून ठरवण्याच्या पद्धतीनुसार) ही युती मकर राशीत सहा अंशांच्या थोडी पुढे, उत्तराषाढा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणात झाली. त्या सुमारास जन्मलेली मुले आता शाळेत जाऊ लागली आहेत. त्यांचे आईवडील पत्रिका दाखवायला येतात तेव्हा एक गोष्ट हमखास कानावर येते. मोबाईलवरील पत्रिकेत ‘गुरू नीच’, म्हणजे दुर्बळ, असे छापलेले असते, त्याखालीच ‘नीचभंग राजयोग’, म्हणजे ती दुर्बळता भंग पावून होणारा शुभ योग, असेही लिहिलेले असते, आणि मुलाची शांत करावी की पेढे वाटावेत हे त्यांना कळेनासे होते.

हा गोंधळ अकारण नाही. गुरू मकरेत नीच होतो आणि पाच अंशांवर परमनीच होतो. त्या दिवशी तो परमनीच बिंदूपासून जेमतेम सव्वा-दीड अंश पुढे होता, म्हणजे तो बराच दुर्बळ होता हे मान्य करावेच लागते. पण मकरेचा स्वामी शनी स्वतः तेथेच, स्वराशीत बसला होता. दोघांचे निसर्गतः नाते समत्वाचे आहे, मात्र एका राशीत असल्यामुळे ते तात्कालिक, म्हणजे त्या पत्रिकेपुरते, शत्रू ठरतात. नवमांशात (राशीचे नऊ भाग करून मांडलेल्या पत्रिकेत) दोघेही कुंभेत, म्हणजे पुन्हा शनीच्याच राशीत जातात. त्यामुळे या युतीत यजमान शनी आहे आणि गुरूला त्याच्या शिस्तीने वागावे लागणार, असे मला वाटते.

अंतर एका अंशाहून कमी असल्याने येथे ग्रहयुद्धही, म्हणजे दोघांपैकी एक जिंकला आणि एक हरला असेही, धरावे लागते, आणि तेथे मतभेद आहेत. उत्तरेकडील ग्रह विजयी मानला तर शनी जिंकतो, कारण गुरू त्याच्या किंचित दक्षिणेकडून गेला. तेजावरून निर्णय केला तर गुरू जिंकतो, कारण तो शनीहून कितीतरी तेजस्वी दिसत होता. मी या वादावर फलिताचा डोलारा उभा करत नाही.

खरा निर्णय लग्नावरून, म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणाऱ्या राशीवरून, होतो; पत्रिकेतली बारा स्थाने तिच्यापासूनच मोजतात. युतीचे अंश दिवसभर जवळपास तेच राहिले, पण लग्न साधारण दर दोन तासांनी बदलत गेले. त्या दिवशी पुण्यात जन्मलेल्या तीन बालकांच्या पत्रिका मांडून पाहू.

सकाळी पावणेआठच्या बालकाचे लग्न धनू येते. येथे लग्नेश, म्हणजे लग्नराशीचा स्वामी, गुरूच नीच होऊन द्वितीयात (दुसऱ्या स्थानात) पडतो, आणि शनी द्वितीयेश व तृतीयेश (दुसऱ्या व तिसऱ्या स्थानांचा स्वामी) होतो. नीच ग्रहाचा राशीस्वामी लग्नापासून किंवा चंद्रापासून केंद्रात (पहिल्या, चौथ्या, सातव्या किंवा दहाव्या स्थानी) असावा, हा नीचभंगाचा सर्वपरिचित नियम येथे लागू पडत नाही, कारण शनी लग्नापासून दुसरा आणि कुंभेतील चंद्रापासून बारावा आहे. काही जण राशीस्वामीशी युती एवढ्यावरच नीचभंग मानतात. मला ते सैल वाटते. नीचभंगाच्या जोरावर मी या बालकाला राजयोग देणार नाही. कुटुंब, धनसंचय आणि वाणी या विषयांत शनी स्वगृहीचा असल्याने टिकाऊपणा येईल, पण लग्नेशाच्या दुर्बळतेमुळे आत्मविश्वास उशिरा येईल, इतकेच मी म्हणेन.

दुपारी अडीचच्या बालकाचे लग्न मेष येते, आणि चित्र पालटते. गुरू नवमेश व व्ययेश (बाराव्याचा स्वामी), तर शनी दशमेश व लाभेश (अकराव्याचा स्वामी). नवम आणि दशम यांचे स्वामी दशमातच एकत्र आल्याने धर्मकर्माधिपती योग होतो. शनी केंद्रात स्वराशीत असल्याने शश योग होतो आणि नीचभंगाचा नियमही पुरा होतो. तीन पत्रिकांत मला हीच सर्वांत भरीव वाटते. तरीही नवमेश नीच आहे, हे विसरून चालणार नाही : कर्तृत्व स्वतःच्या कष्टांवर उभे राहील, वडीलधाऱ्यांच्या किंवा गुरुजनांच्या आधारावर नव्हे.

रात्री नऊच्या बालकाचे लग्न कर्क. युती सप्तमात, शनी सप्तमेश व अष्टमेश, गुरू षष्ठेश व भाग्येश (नवमेश). शश योग आणि नीचभंग येथेही आहेत. सप्तमात शनीला दिग्बल (ठरावीक दिशेच्या स्थानामुळे येणारे बळ) मिळते, आणि गुरूला ते मिळते प्रथमात, म्हणून सप्तमातला गुरू दिग्बलाच्या दृष्टीने शून्यावर येतो. गुरूची दृष्टी मात्र सरळ लग्नावर पडते आणि तेवढा भाग शुभ आहे. पण त्याच लग्नावर शनीचीही दृष्टी आहे. या पत्रिकेतून लोकांना विवाहाचे फलित हवे असते. पाच वर्षांच्या मुलीच्या विवाहाबद्दल बोलणे मला अप्रशस्त वाटते, आणि मी ते टाळतो.

आता दशा, म्हणजे आयुष्यातले एकेका ग्रहाच्या अमलाचे कालखंड. दुपारी चंद्र कुंभेच्या शेवटच्या अंशांत होता, रात्री तो मीनेत गेला होता, पण नक्षत्र दोन्ही वेळी पूर्वाभाद्रपदाच, आणि त्याचा दशास्वामी गुरू. म्हणून जन्म गुरूच्याच महादशेत. दुपारच्या बालकाला ती साधारण पाच वर्षे शिल्लक होती, रात्रीच्या बालकाला वर्ष-सव्वा वर्षच. त्यानंतर दोघांनाही शनीची एकोणीस वर्षे. युतीतील दोन्ही ग्रह आयुष्याच्या आरंभी लागोपाठ महादशास्वामी होतात, त्यामुळे या युतीचे फळ बालपणी आणि शिक्षणाच्या काळातच दिसू लागणार. दुपारच्या मुलाची शनीची महादशा २०२५ च्या अखेरीस सुरू होते आणि चोविशीपर्यंत चालते. शनी त्याचा दशमेश आणि लाभेश आहे. त्याच्या पालकांना मी शांत सांगितली नाही. अभ्यासाची वेळ ठरलेली असावी, शिकवणाऱ्यांची वारंवार बदली करू नये, आणि पहिल्या काही वर्षांतील गुणांवरून त्याची पारख करू नये, एवढेच सांगितले.