सॅन स्टॉर्म गाडी गावात सांभाळताना: चोरीबंदोबस्ताचं काम कुठवर आलं

गाडी सॅन स्टॉर्म. रेनोचं ११४९ सीसीचं पेट्रोल इंजिन, फायबरग्लासची बॉडी, कापडी छत आणि दोनच सीट. मुक्काम दारव्हा तालुक्यात, वावराला लागून असलेल्या टिनाच्या कोठ्यात. अशा गाड्या मुळात कमी बनल्या. एकदा गेली तर पैसे मिळतीलही, पण तशी दुसरी गाडी मिळणं फार कठीण. म्हणून सगळं इथे सविस्तर मांडतो. जुनी पालिओ, व्हीटेक सिटी किंवा जिप्सी सांभाळणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

शहरात चोराला मिनिटं मोजून काम करावं लागतं. इथे त्याच्याकडे अख्खी रात्र असते. जवळचं घर दोन धुऱ्यांपलीकडे आणि पहाटेपर्यंत पांदणीवर माणूस नाही. इतका वेळ मिळाला तर कोणतंही कुलूप तुटतं. म्हणून हिशोब असा ठेवला: पहिला धक्का लागताच कुणाचा तरी फोन वाजला पाहिजे, आणि माणूस पोचेपर्यंत कुलूप-साखळीनं तग धरला पाहिजे. सालदाराच्या घरून कोठ्यापर्यंत रात्री यायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या दुप्पट वेळ चोराला गुंतवून ठेवायचा. फक्त कुलपं वाढवून किंवा फक्त भोंगा लावून हे साधत नाही.

कोठा

शटरला दोन्ही बाजूंना आणि मध्ये कुलूप आहे. बाजूची कुलपं सात लिव्हरची. बाहेरून दिसणाऱ्या कुलपाची कडी जितकी झाकलेली तितकं बरं, म्हणून त्यावर ५ मिमी पत्र्याची पेटी वेल्ड केली. हात आत जातो, पण कटरचा जबडा जात नाही. शटर मजबूत करताना छताकडे हमखास दुर्लक्ष होतं. टिनाचे पत्रे जे-हुकवर बसवलेले असतात आणि त्यांचे नट बाहेरच्या बाजूला असतात. पाना असेल तर चार-सहा नट काढून माणूस आत उतरतो आणि आतून शटर उघडतो. खालच्या दोन रांगांचे नट आवळून, बाहेर आलेल्या आट्यांवर वेल्डिंगचा ठिपका दिला. शटरला आतूनही अडसर आणि कुलूप लावलं. माणसासाठी लहान दार वेगळं आहे. त्याच्या बिजागऱ्यांच्या खिळ्या बाहेरून निघत होत्या, त्यांची टोकं वेल्ड केली.

जमिनीतला आकडा

गाडी साखळीनं बांधायला जमिनीत लोखंडी आकडा पुरला. काळ्या मातीत हे काम फसतं ते खोलीमुळे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरच्यावर ओतलेला काँक्रीटचा ठोकळा दोन-तीन हंगामांत हलायला लागतो, कधी कधी तिरपा होऊन वर येतो. त्यामुळे काळी माती पूर्ण काढून मुरूम लागेपर्यंत खणायचं. इथे मुरूम अडीच फुटांवर लागला. खड्ड्याच्या तळाशी मुरूम धुम्मस करून त्यावर ४५० × ४५० × ६०० मिमीचा ठोकळा १:१.५:३ च्या मिश्रणात ओतला. एवढ्याला सिमेंटची साधारण एक गोणी लागते, त्यासोबत सुमारे ५० लिटर वाळू आणि १०० लिटर गिट्टी. ठोकळ्याचं वजन पावणेतीनशे किलोच्या वर जातं. आत २० मिमी गजाचा यू बसवला, पाय ४५० मिमी लांब आणि टोकं बाहेर वाकवलेली. टोकं सरळ ठेवली तर जॅक लावून यू वर उपसता येतो. सात दिवस नीट पाणी मारायचं, आणि पूर्ण ताकदीसाठी २८ दिवसांआधी त्यावर ओढ द्यायची नाही. मे महिन्यात ओतत असाल तर ओलं पोतं झाकून ठेवा, नाहीतर वरचा थर भुसभुशीत होतो.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी चकचकीत गॅल्व्हनाइज्ड साखळी इथे कामाची नाही. ती मऊ असते, ३६ इंची बोल्ट कटर ८-१० मिमीची कडी सहज चावतो. कडक केलेली, चौकोनी कडीची, १३ मिमीच्या पुढची साखळी घ्या. दुकानातच ओळखता येते: कडीवर कानस घासून बघा. कानस घसरली तर साखळी कडक, धातूचा कीस निघाला तर मऊ. साखळी नुसती चाकाच्या आऱ्यांतून नेली तर चोर चाक खोलून सोडवतो, म्हणून ती मागच्या सस्पेन्शनच्या जाड भागाभोवतीही फिरवली. आणखी एक: साखळी जमिनीवर लोळत असेल तर तिला फरशीचा आधार मिळतो आणि घण किंवा कटरचं काम सोपं होतं. ती ताठ, अधांतरी राहील अशी ठेवा. ग्राइंडरपुढे कोणतीच साखळी अजिंक्य नाही, पण ग्राइंडरचा आवाज रात्री लांब जातो आणि आपल्याला तेच हवं आहे.

गिअर लॉकही लावलं. त्याचे डोकं तुटणारे बोल्ट फायबरमध्ये घेऊ नका, खालच्या लोखंडी भागातच घ्या. फायबरमधले बोल्ट दोन हिसक्यांत तुकड्यासकट निघतात. स्टीअरिंगच्या दांडी-कुलपावर फार विश्वास नको. कुलूप कितीही जाड असो, स्टीअरिंगची रिंग हॅकसॉने कापली की ते आपोआप सुटतं. लांबून दिसतं एवढाच त्याचा उपयोग.

गाडीतल्या पेट्रोल पंपाचा गुप्त खटका

सगळ्यात जास्त विचार इथे गेला. स्टॉर्मच्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत चावी फिरवली की इंजिन चालू, इग्निशनचं बॅरल स्क्रू-ड्रायव्हरनं मोडलं तरी चालू. पंपाची वीज तोडणारं, डॅशखाली लपवलेलं बटण बरेच जण लावतात. त्यातला खरा दोष असा की रोज बंद करायला माणूस विसरतो. म्हणून गाडी बंद होताच आपोआप लागू होणारी रचना केली. आणि स्टॉर्मच्या बॉडीचा इथे मोठा फायदा आहे: फायबरग्लासमधून चुंबकाचा परिणाम आरपार जातो, लोखंडी पत्र्यातून जात नाही. त्यामुळे रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा स्विच) पॅनेलच्या मागे चिकटवला. बाहेर ना बटण, ना भोक. ठरलेल्या जागी चुंबक टेकवला की पंपाला वीज मिळते.

लागणारं सामान: १२ व्होल्टचे ३०/४० अँपिअरचे दोन सीलबंद रिले (विजेनं चालणारे खटके), एक रीड स्विच, १एन४००७ डायोड दोन, ५ अँपिअरचा फ्यूज, पंपासाठी २.५ चौरस मिमी वायर, बाकी जोडणीला १ चौरस मिमी.

आधी पंपाची वायर शोधायची. चावी ऑन केली की पंप सुमारे दोन सेकंद चालून थांबतो. मल्टिमीटर ज्या वायरवर तेवढाच वेळ १२ व्होल्ट दाखवून शून्यावर येतो ती आपली. टेस्ट लॅम्प वापरू नका. चुकून ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या) वायरवर टेकला तर त्यातून जाणारा प्रवाह ईसीयूला महागात पडू शकतो.

पुढचे नंबर रिलेच्या पिनांचे आहेत. पहिला रिले स्वतःला धरून ठेवणारा. इग्निशनची लाइन फ्यूजमधून त्याच्या ३० नंबरला. ८७ नंबर त्याच रिलेच्या ८६ ला जोडायचा. ८५ अर्थला. रीड स्विच इग्निशन लाइन आणि ८६ यांच्या मध्ये. चुंबक क्षणभर टेकवला की कॉइलला प्रवाह मिळतो, संपर्क जुळतो, आणि चावी बंद होईपर्यंत रिले स्वतःच स्वतःला धरून राहतो. दुसऱ्या रिलेचा ८६ याच ८७ वरून घ्यायचा, ८५ अर्थला, आणि पंपाची वायर कापून तिची दोन टोकं ३० व ८७ ला. दोन्ही कॉइलवर डायोड आडवा, पट्टीचं टोक ८६ कडे. डायोड नसेल तर कॉइल सुटतानाचा झटका रीड स्विचचा नाजूक संपर्क हळूहळू जाळतो.

चूक होते ती लाइन निवडण्यात. ॲक्सेसरीची लाइन घेतली तर स्टार्टर मारताना ती तुटते, रिले सुटतो आणि इंजिन कधीच चालू होत नाही. स्टार्टर फिरत असतानाही जिवंत राहणारी लाइन मीटरनं तपासून घ्या. दुसरा धोका याहून गंभीर आहे. जोड ढिला असेल तर खड्ड्यात क्षणभर संपर्क जातो, रिले सुटतो आणि चालत्या गाडीत पंप बंद पडतो. म्हणून दाबून बसवणारे टॅप कनेक्टर बिलकुल नकोत, पावसाळ्यात ते गंजतात. क्रिंप, वर हीट श्रिंक, आणि रिले बॉडीला घट्ट बांधलेला. सुरुवातीला गावच्या रस्त्यावरच कमी वेगात भरपूर चालवून बघा, त्याशिवाय महामार्गावर नेऊ नका. सगळ्या वायरी काळ्या आणि मूळ वायरींच्या जुडग्यासारखीच कापडी टेप, म्हणजे नवं काम डोळ्यांत भरत नाही.

चुंबक न टेकवता चावी फिरवली तर काय होतं? बराच वेळ उभ्या गाडीत पेट्रोलचा दाब उतरलेला असतो, त्यामुळे स्टार्टर फिरत राहतो आणि इंजिन घेत नाही. नुकतीच बंद केलेली गाडी मात्र उरलेल्या दाबावर काही क्षण चालू होऊन बंद पडू शकते. चुंबक चावीच्या जुडग्यात ठेवू नका. साधा निओडायमियम चुंबक ८० अंशांच्या आसपास कमजोर व्हायला लागतो, म्हणून डॅशबोर्डवरही नको.

ट्रॅकर

ट्रॅकर ४जी घेतला. जिओचं २जी जाळं नाहीच, त्यामुळे फक्त २जीवर चालणारा स्वस्त ट्रॅकर जिओच्या सिमवर मुका राहतो. कोठ्यात कोणत्या कंपनीची रेंज टिकते ते आधी फोननं तपासा, शटर लावूनही तपासा. सिमचं रिचार्ज संपल्याची आठवण दोघांच्या फोनवर लावली आहे. फायबर बॉडीमुळे ट्रॅकर मागच्या पॅनेलखाली लपवूनही त्याला आकाश दिसतं. पोलादी गाडीत ही सोय नाही, तिथे काच किंवा प्लॅस्टिक बंपरचाच आडोसा शोधावा लागतो.

अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, टिनाच्या कोठ्यात त्याहून जास्त. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं बहुतेक उत्पादक सांगतात, आणि बरेच चार्जिंग सर्किट तिथे आपोआप थांबतात. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दिवसा ट्रॅकरची आतली बॅटरी भरत नाही आणि काही हंगामांनी ती फुगते. म्हणून जागा शक्य तितकी खाली, सीटच्या मागच्या बाजूला.

उभ्या गाडीत ट्रॅकर १५ मिलिअँपिअर घेत असेल तर दिवसाला ०.३६ अँपिअर-तास, महिन्याला जवळपास ११. गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासाची असेल तर तिचा तिसरा हिस्सा एवढ्यातच जातो. भारनियमनामुळे विजेवरच्या चार्जरचा भरवसा नाही. छतावर १० वॉटचं सोलर पॅनेल आणि लेड-ॲसिडसाठीचा ५ अँपिअरचा कंट्रोलर पुरतो. उन्हाच्या दिवशी दोन अँपिअर-तास सहज मिळतात.

बॅटरीच्या निगेटिव्हवर कट-ऑफ स्विच असेल तर ट्रॅकरच्या दोन्ही वायरी थेट बॅटरीच्या टर्मिनलवरून घ्या, प्लसला २ अँपिअरचा फ्यूज. निगेटिव्ह चासीवरून घेतला तर कट-ऑफ बंद करताच ट्रॅकरही बंद. ट्रॅकरसोबत येणारा दुरून इंजिन बंद करणारा रिले आम्ही लावला नाही. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं की थोड्याच दाबात ब्रेकचा व्हॅक्यूम संपतो, आणि पुढे कोण असेल ते आपल्याला दिसत नाही. ब्लूटूथ टॅगची भिस्त आसपासच्या अनोळखी फोनांवर असते, शिवाय तो सोबत फिरतोय अशी सूचना चोराच्या फोनवरही जाऊ शकते. पांदणीवर त्याचा उपयोग फार नाही.

भोंगा आणि सेन्सर

हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर शरीराची आणि भोवतालची उष्णता यांतल्या फरकावर चालतो. उन्हाळ्यात संध्याकाळी कोठ्याच्या आतलं तापमान ३६-३७ च्या आसपास असलं की त्याला माणूस नीट दिसतच नाही. थरथर ओळखणारा सेन्सर छताला किंवा शटरला लावणं व्यर्थ, कारण टिनावर वानरं उड्या मारतात आणि वावटळीत शटर हलतं. तीन-चार खोट्या गजरांनंतर कुणीही उठत नाही, आणि तिथे सगळी व्यवस्था संपते. म्हणून शटर व दारावर जाड जातीचे चुंबकी संपर्क (उघडताच गजर देणारे) लावले, शटरवरचं अंतर थोडं सैल. १२ व्होल्टचा भोंगा, ७ अँपिअर-तासाची बॅटरी आणि गजराचा सिमवाला पॅनेल. पॅनेल आधी सालदाराला, मग शेजारच्या दोन घरांना फोन लावतो. पोलिसांसाठी ११२. नुसता उजेड पाहून एकट्यानं आत शिरायचं नाही, हे सगळ्यांशी ठरलेलं आहे.

कोठ्यात तूर-सोयाबीनची पोती ठेवू नका. उंदरांनी कुरतडलेली वायर पॅनेलला कापलेल्या वायरसारखीच दिसते. वायरी पीव्हीसी पाइपमधून नेल्या.

कागद

फक्त थर्ड पार्टी विम्यात चोरी बसत नाही, ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा) हवा. पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली किंमत) कंपनी आणि मालक यांच्या संमतीनं ठरते. तेव्हा फोटो आणि दुरुस्तीची बिलं पुढे ठेवून बोलणी करा. एआरएआय (वाहनं तपासणारी संस्था) मान्य चोरीविरोधी यंत्रणा असेल तर ओन डॅमेज हप्त्यात २.५ टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये सूट मिळते. पंधरा वर्षांनंतरचं आरसी नूतनीकरण चुकलेलं असेल तर दावा अडकू शकतो. दाव्याच्या वेळी दोन्ही चाव्या मागतात. चासी आणि इंजिन नंबरचे स्पष्ट फोटो घरी आणि नातेवाइकांकडेही ठेवा. गाडीचे फोटो टाकताना त्यातली जागेची माहिती काढून टाका आणि कोठ्याचं दार फ्रेममध्ये येऊ देऊ नका.

बाकी काम: गाडी उचलून टेम्पोत घालायचा प्रयत्न झाला तर कळावं म्हणून कल ओळखणारा सेन्सर. तो चासीच्या मध्यावर, लोखंडी पट्टीवर बसवायचा आणि दोन अंशांच्या बदलावर लावायचा विचार आहे. टायरची हवा हळूहळू उतरली तरी गाडी किंचित कलते, म्हणून अचानक बदल आणि संथ बदल वेगळे ओळखणारंच युनिट घ्यावं लागेल.