तांब्यातले रुपये

वाईजवळच्या एका गावात जुना वाडा पाडताना भिंतीतून चांदीच्या रुपयांनी भरलेला तांब्या निघाला. घरच्यांनी शहाणपणा केला, आधी वकील गाठला. जमिनीत किंवा भिंतीत असं काही सापडलं की १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. ऐवज काय आहे, अंदाजे किंमत किती, कुठे आणि कधी सापडला, हे सगळं त्यात लिहायचं असतं. मूळ कायद्यातली मर्यादा दहा रुपयांची आहे. म्हणजे आजच्या भावात एकटा राणीछाप सापडला तरी अर्ज लिहायला बसा! ऐवज आणि किंमत एवढ्यापुरती यादी करून द्यायला वकिलांनी मला सांगितलं. नाण्यांची प्रत ठरवणं हा माझा व्यवसाय, त्यामुळे मला हे रोजचंच काम वाटलं होतं.

पुण्यातल्या माझ्या छोट्या ऑफिसात सकाळी पाच माणसं आली. साठी ओलांडलेले दोन चुलत-चुलतभाऊ, अण्णा आणि बापू. अण्णांच्या आई, म्हणजे काकी. बापूंचा मुलगा आणि वकिलांचा मदतनीस. भाऊ एकाच गाडीतून आले होते, पण बसले टेबलाच्या दोन टोकांना. तांब्या पितळी, तोंडाशी लुगड्याची चिंधी कोंबलेली. आत २१२ रुपये.

'मॅडम, डुकराचा आहे का बघा,' बापू म्हणाले. हा प्रश्न ठरलेला. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावर कोरलेला हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली. सरकारने बराचसा माल परत वितळवला आणि पुढच्या वर्षी सोंड नीट केली. तेव्हापासून घरोघरी लोक आजोबांच्या पेटीत डुक्कर शोधत असतात. इथे नव्हतं.

यादी करायला घेतली आणि खरा मामला बाहेर आला. अण्णांचं म्हणणं, हा पैसा पणजोबांचा. त्यांनी एकरकमी कसला तरी व्यवहार करून तो भिंतीत ठेवला आणि ते १९२३ च्या सुमारास गेले. म्हणजे दोन्ही घरांचा निम्मा-निम्मा. बापूंचं म्हणणं, पैसा त्यांच्या आजोबांचा. त्यांनी नोकरीला लागल्यापासून रुपया-रुपया बाजूला टाकून पस्तीस-छत्तीस सालापर्यंत साठवला. म्हणजे एकट्या बापूंच्या घराचा. कागद कुणाकडेच नव्हता.

मी म्हटलं, मी प्रत आणि किंमत लिहीन, मालक कोण ते माझ्या यादीत येत नाही. पण नाणी ट्रेमध्ये सालवार लावत गेले तशी मीच त्या वादात ओढली गेले.

बापूंच्या बाजूने एक गोष्ट होती. सर्वांत नवा रुपया १९२० चा. साधा विचार केला तर तांब्या १९२० च्या आसपास बंद झाला असं वाटेल. पण पंचम जॉर्जचे रुपये १९२२ पर्यंतच पाडले गेले. त्यानंतर थेट १९३८ चा आकडा असलेला सहाव्या जॉर्जचा रुपया. मधल्या पंधरा वर्षांचा एकही रुपया नाही. म्हणजे कुणी १९३५ साली बाजारातून मूठभर रुपये उचलले असते, तरी त्यात सर्वांत नवं साल १९२० निघू शकलं असतं. नुसत्या सालावरून इथे काहीच ठरत नव्हतं. झीज बघणं भाग होतं.

झीज बघायची तर आधी उंचवटे बघायचे. व्हिक्टोरियाच्या रुपयावर गाल, कानावरून मागे गेलेल्या केसांच्या बटा आणि पोशाखाच्या छातीवरची नक्षी. सातव्या एडवर्डच्या डोक्यावर मुकुट नाही, त्यामुळे कानावरचे केस आधी जातात. पंचम जॉर्जच्या मुकुटावरचे मणी आणि झग्यावरचा हत्ती. हात, खिसा, कमरेचा कसा, गल्ला, सगळीकडे हेच भाग आधी घासतात. नाणं कडेला धरायचं, पिवळ्या दिव्याखाली हळूहळू तिरकं करत न्यायचं. टाकसाळीतून निघालेल्या धातूवर एक चमक असते, ती नाणं फिरवलं की त्याच्याबरोबर फिरते. पॉलिशने आणलेली चकाकी जागची हलत नाही. भिंग मी नंतर हातात घेते.

१८६२ चा आकडा असलेले रुपये पूर्ण सपाट झाले होते. (हा आकडा फसवा आहे. १८७४ पर्यंत तेच साल ठेवून रुपये पाडत राहिले, फरक फक्त ठिपक्यांचा.) पोशाखाची नक्षी गेलेली, वजन ११.६६ ग्रॅमच्या जागी ११.३ आणि ११.४. पुढचे राणीछाप त्याहून बरे. एडवर्डचे बहुतेक व्हीएफ (व्हेरी फाइन, म्हणजे मध्यम झिजलेले), कानावरचे केस अर्धेमुर्धे शिल्लक. १९१२ ते १६ चे एक्सएफ (एक्स्ट्रीमली फाइन, म्हणजे थोडेच झिजलेले). आणि १९१८, १९, २० चे रुपये बघून मी खुर्चीत सरळ बसले. हत्तीचे पाय वेगवेगळे दिसत होते, मण्यांची टोकं शाबूत, काळपटपणाच्या खालून चमक फिरत होती.

हे रुपये दुर्मीळ मुळीच नाहीत. पहिल्या महायुद्धात इथे चांदीची एवढी टंचाई झाली की १९१७ च्या अखेरीस सरकारने एक रुपयाची कागदी नोट काढली. पुढच्या वर्षी अमेरिकेने पिटमन कायदा करून आपले पंचवीस कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी ब्रिटनला विकली, ती इथल्या टाकसाळींसाठी. मुंबई आणि कलकत्त्याने त्यातून रुपयांचा पूर पाडला. त्यामुळे १९१८ च्या झिजलेल्या रुपयाला चांदीपेक्षा फारसं कुणी देत नाही. न वापरलेल्याला मात्र देतात.

पण मला किमतीपेक्षा तो उतार महत्त्वाचा वाटला. जितकं जुनं नाणं तितकं झिजलेलं, कुठेही अपवाद नाही. माणूस वर्षानुवर्षं रुपये बाजूला टाकत असेल तर असं होत नाही. त्याने १९०७ साली ठेवलेला एडवर्ड तेव्हाच्या ताजेपणात तसाच राहतो. अशा संचयात जुन्या सालांचे काही रुपये कोरे निघतात. इथे एकही नव्हता. २१२ रुपये चलनातून एका वेळी उचललेले होते आणि १९२० चा रुपया तेव्हा जेमतेम हातात फिरलेला होता. शिवाय रुपयांवर कापडाच्या विणीचा ठसा उमटला होता, मलमलीचे ताणे-बाणे काळ्या-निळ्या छटेत. चळती बांधून ठेवल्या होत्या.

म्हणजे २११ रुपयांबद्दल मी हे म्हणू शकत होते. एक रुपया यात बसत नव्हता.

तो १९४५ चा होता. बापूंच्या मुलाने पहिल्याच मिनिटाला दाखवला होता, 'हा बघा, खालून निघाला.' तो मी बाजूला ठेवला होता. कडेच्या दात्यांमधून फिरणारी खोबण, निम्मीच चांदी, बाकी तांबं, निकेल, जस्त. वजन मात्र जुन्याइतकंच. त्याच्यावर विणीचा ठसा नव्हता, काळपटपणाही नव्हता, आणि अक्षरांच्या खाचांत लाल काहीतरी बसलं होतं. भिंगाखाली धरल्यावर शंका राहिली नाही. कुंकू.

मी यादीच्या तळाशी लिहिलं: 'एक रुपया, १९४५, पृष्ठभाग इतर नाण्यांशी जुळत नाही, स्वतंत्र धरावा.' वाचून दाखवलं. बापूंनी मुलाकडे पाहिलं नाही. काकींनी हात पुढे केला, रुपया तळहातावर घेऊन उलटसुलट केला आणि म्हणाल्या, 'लक्ष्मीपूजनाचा दिसतोय.' एवढंच. कुणाच्या देवघरातला, ते त्यांनी काढलं नाही. मीही विचारलं नाही.

अण्णा खूश झाले होते, त्यांना अडवावं लागलं. नाणी चलनातून कधी बाहेर पडली एवढंच झिजेवरून म्हणता येतं. १९२१ साली बांधलेली पुरचुंडी एखाद्याने पेटीत सांभाळून पंधरा वर्षांनी भिंतीत ठेवली, तर तिच्यावर वेगळी खूण उमटत नाही. बापूंच्या आजोबांनी रुपया-रुपया साठवला ही गोष्ट टिकत नाही, पण भिंत कुणी बंद केली ते मला दिसत नाही. हे मी तसंच लिहिलं. मदतनीस म्हणाला, भिंतीत कधी गेलं याला कायद्यात महत्त्व आहे, शंभर वर्षांच्या आत की त्याआधी, अशी रेष आहे, ती कुठे पडते ते वकीलसाहेब बघतील. हे ऐकून दोन्ही भाऊ पहिल्यांदाच एकमेकांकडे वळून हळू आवाजात बोलू लागले.

किमतीच्या रकान्यात मला एक वाईट काम करावं लागलं. १९१८ ते २० च्या रुपयांपैकी वीस पांढरेशुभ्र होते. मुलाने तांब्या निघाला त्याच रात्री ते चिंच-मिठाने घासून टूथपेस्टने चमकवले होते. भिंगातून बारीक ओरखडे एकाच दिशेने गेलेले दिसत होते. झीज नाही, पण चमकही नाही. त्यांच्यापुढे 'घासलेले' लिहिलं आणि भाव चांदीचा धरला. शेजारच्या ओळीत त्याच सालांचे न धुतलेले होते, कितीतरी पट वरचे. मुलाने दोन्ही आकडे वाचले. 'पण हे तर जास्त छान दिसतायत,' तो म्हणाला. त्याच्या जागी मलाही तसंच वाटलं असतं. घराघरांत दिवाळीला रुपया राखेने, रांगोळीने लख्ख घासूनच पाटावर ठेवतात.

काही आठवड्यांनी त्याचा फोन आला. नाणी कोषागारात जमा झाली आहेत, सुनावणीची तारीख लागायची आहे. आणि मॅडम, ते वीस रुपये परत मिळाले तर पुन्हा काळे करता येतील का?

येतात, म्हटलं. लोक गंधकाचा धूर देतात, उकडलेल्या अंड्यांबरोबर डब्यात कोंडून ठेवतात. रंग येतो, पण ओरखडे त्याच्या खालून दिसतच राहतात, आणि मग मला 'घासलेले' च्या पुढे 'रंगवलेले' असंही लिहावं लागतं. हात लावू नकोस.