आधी हेडसेट, मग ऑडॅसिटी

दहावीतल्या एका अंध मुलाला इतिहासाचे धडे रेकॉर्ड करून देतो, असं मी कबूल करून बसलो. ३२ वर्षं वर्गात शिकवलंय, वाचायची धास्ती नव्हती. धास्ती लॅपटॉपची. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, ऑडॅसिटी घ्या, आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर. पैसे लागत नाहीत आणि २००० सालापासून लोक वापरतायत."

डाउनलोड केलं, डबल क्लिक केलं, उघडलं. झालं की! लाल गोल दाबला, तर रेकॉर्डिंगचं डिव्हाइस उघडता येत नाही, असा इंग्रजीत मेसेज. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. दोनदा काढून नव्याने इन्स्टॉल केलं. संध्याकाळ त्यातच गेली.

चोर घरातलाच निघाला. मोबाइल-कॉम्प्युटर आपलं बोलणं ऐकतात, असं कुठेतरी वाचून मीच कधीतरी विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये मायक्रोफोनची परवानगी बंद केली होती. ती चालू केली (डेस्कटॉप अ‍ॅप्सचं बटण वेगळं असतं, बरंच खाली) आणि लाल गोल दाबताच आवाजाची निळी नक्षी सरकू लागली.

तरी आवाज लांबून येई, पंख्याच्या घरघरीसकट. यूएसबी हेडसेट मी ऑडॅसिटी उघडल्यावर जोडला होता, त्यामुळे ते लॅपटॉपच्याच माइकवरून ऐकत होतं. सुरू होताना जे जोडलेलं असेल तेवढंच त्याच्या यादीत येतं. बंद करून परत उघडायचं, नाहीतर ट्रान्सपोर्ट मेनूतून डिव्हाइस पुन्हा शोधायला लावायचं. हेडसेट निवडला, स्टिरिओचं मोनो केलं. एकट्या माणसाच्या वाचनाला दोन चॅनल कशाला? आवाजाची पट्टी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये खेळायला हवी. मागच्या बाकापर्यंत पोचवायच्या माझ्या सवयीने ती सारखी लाल होई. हळू आवाजात वाचायला शिकणं हेच खरं अवघड गेलं.

पहिला धडा पाठवला. मुलाच्या आईचा फोन, "सर, मोबाइलवर उघडत नाही हो." मी एयूपी३ पाठवली होती, ती प्रोजेक्टची फाइल, ऑडॅसिटीशिवाय कुणाला कळायची? एक्सपोर्ट करून एमपी३ पाठवली.

दुसऱ्या दिवशी मुलानेच फोन केला. "सर, मध्येच तुमच्याकडे कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या."

"काढून टाकतो रे."

"नको, राहू द्या. तिथून पुढचा भाग शोधायला सोपा जातो."