काळ्या मातीवर बसवलेला सेटअप कोइंबतूरला का चालत नाही

संभाजीनगर, नांदेड, लातूर, कुठल्याही कॉलेजची फॉर्म्युला टीम, म्हणजे स्वतः छोटी रेसिंग गाडी बनवणारी पोरं, घ्या. टेस्टिंग होतं कॉलेजच्या पार्किंगमध्ये, नाहीतर एमआयडीसीतल्या एखाद्या रिकाम्या रस्त्यावर. खाली काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरचं डांबर तिच्या तालावर लाटा मारतं. गाडी उड्या मारायला लागली की पोरं स्प्रिंग मऊ टाकतात, शॉकअप सैल करतात, गाडी दहा मिमी वर उचलतात. त्या रस्त्यासाठी हे बरोबरच आहे. पण फॉर्म्युला भारत या कॉलेजांच्या स्पर्धेसाठी तीच गाडी जानेवारीत कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर उतरते. त्या मानाने सपाट डांबरावर, ट्रॅफिकच्या शंकूंमधून नागमोडी जाताना (स्लॅलम), ती म्हशीसारखी डुलते. मग पहिल्याच दिवशी पान्हे निघतात आणि चार गोष्टी एकदम बदलल्या जातात.

सर्किट बदललं की काय बदलायचं, याआधीचा प्रश्न वेगळा आहे: तुमची चासी, म्हणजे गाडीचा पाइपांचा सांगाडा, तो बदल चाकापर्यंत पोचू देते का? पुढचा अँटी-रोल बार (वळणात गाडी एका बाजूला कलू न देणारी आडवी सळई) कडक केला आणि गाडीच्या वागण्यात काहीच फरक पडला नाही, तर बहुतेक वेळा चासीच पिळवटत असते. म्हणजे तुम्ही ट्यून करताय बार, आणि खरी स्प्रिंग झालीय तुमची फ्रेम.

हे मोजायला महागडं यंत्र लागत नाही. मागचे सस्पेन्शनचे पॉइंट जड टेबलाला पक्के बांधा. चारही शॉकअप काढून त्यांच्या जागी लोखंडी पट्ट्या लावा. पुढे आडवा बीम टाकून तो मधोमध एका टेकूवर ठेवा आणि मध्यापासून एक मीटरवर २० किलो टांगा. हा झाला १९६ न्यूटन-मीटरचा पीळ. मध्यापासून ३०० मिमीवर दोन्ही बाजूंना डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावा. एक बाजू ०.५२ मिमी वर आणि दुसरी तेवढीच खाली गेली, तर कोन ०.१ अंशाच्या जवळ, म्हणजे कडकपणा साधारण १९७५ न्यूटन-मीटर प्रति अंश. सस्पेन्शनचा एकूण रोल कडकपणा, म्हणजे गाडी कलण्याला होणारा विरोध, ४०० असेल तर हे पुरेसं आहे; चासीचा आकडा १००० च्या खाली आला तर कठीण. दोन ठिकाणी घोळ होतो. डायल गेजचा स्टँड त्याच टेबलावर ठेवला, तर टेबलाची हालचालही आकड्यात मिसळते. स्टँड जमिनीवर हवा. आणि सुरुवातीला थोडं वजन टाकून सगळी ढिलाई काढल्याशिवाय शून्य लावायचं नाही.

आकडा कमी आला की लगेच ‘क्रोमोली (४१३० हे जास्त मजबूत मिश्र पोलाद) आणू’ अशी घोषणा होते. त्याने कडकपणा वाढत नाही. माइल्ड स्टील असो की ४१३०, दोन्हींचा लवचिकतेचा गुणांक, म्हणजे ताण दिल्यावर धातू किती वाकतो याचं माप, जवळपास सारखाच. फरक पडतो तो मजबुतीत. कडकपणा येतो मोठ्या व्यासाच्या पाइपने आणि त्रिकोणांनी. कॉकपिटच्या तोंडाशी सगळी फ्रेम उघडी असते, तिथेच ती पिळते. आधी तिथे एखादा तिरका पाइप बसतो का बघा. अँटी-रोल बारचंही तेच. महाग स्टील आणून बार कडक होत नाही, पण भरीव बार १४ वरून १६ मिमीचा केला की कडकपणा ७० टक्के वाढतो, कारण तिथे व्यासाचा चौथा घात लागतो.

आता सर्किट. स्किडपॅड ही गोल फिरण्याची चाचणी. तिच्या आतल्या वर्तुळाचा व्यास १५.२५ मीटर, बाहेरच्याचा २१.२५ मीटर. मधल्या रेषेवर १.३ जीला (गुरुत्वाच्या १.३ पट आडव्या जोराला) वेग येतो ताशी ३९ किमी. एवढ्या वेगाला विंगचा फारसा हातभार नसतो, खेळ सगळा चाकांवरच्या वजनाचा. ड्रायव्हरसकट २८० किलोची गाडी, गुरुत्वमध्य ३०० मिमीवर, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर (ट्रॅक) १२०० मिमी, तर आतल्या चाकांवरून बाहेरच्यांवर ९१ किलो सरकतं. हे एकूण वजन रोल बारने बदलत नाही. त्यातलं पुढे किती आणि मागे किती, एवढंच बार ठरवतो. गाडी पुढून सरकत असेल तर पुढचा बार मऊ करा किंवा मागचा कडक. मागून फिरत असेल तर उलट. एका वेळी एकच.

हेअरपिनचा बाहेरचा व्यास ९ मीटरपर्यंत खाली येतो. १५५० मिमी व्हीलबेसला (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराला) आतलं चाक साधारण २८ अंश आणि बाहेरचं २१ अंश वळायला हवं. कागदावर ते वळतं. पण पूर्ण वळवून चाक वर-खाली दाबून बघा, टायर विशबोनला (चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्यांना) घासतो का ते कळेल. मोनाकोच्या हेअरपिनसाठी फॉर्म्युला वनच्या टीमसुद्धा पुढच्या सस्पेन्शनमध्ये जास्त स्टिअरिंग कोनाची सोय करून येतात.

सेटअपमध्ये सगळ्यात जास्त फसवतं ते चार चाकांवरचं वजन. जमीन सपाट आहे हे डोळ्यांवर सोडू नका. गवंड्याची पाण्याची नळी घ्या आणि चारही वजनकाटे एका पातळीत आणा, गरज पडली तर खाली पत्र्याचे तुकडे घाला. टायरमध्ये हवा सारखी. सीटवर ड्रायव्हरच्या वजनाची वाळूची पोती. रोल बारच्या लिंक (बार सस्पेन्शनला जोडणारे दांडे) सुटलेल्या. गाडी थोडी हलवून बसू द्या, मग आकडे घ्या. समजा पुढे डावीकडे ६६, उजवीकडे ६२, मागे डावीकडे ७४, उजवीकडे ७८. पुढचं डावं आणि मागचं उजवं मिळून १४४, म्हणजे ५१.४ टक्के. ही गाडी डावीकडे वळताना मागून फिरेल आणि उजवीकडे वळताना पुढून सरकेल. पोरं मग ड्रायव्हरला बोल लावतात. त्या दोन कोपऱ्यांच्या स्प्रिंगच्या चकत्या (स्प्रिंग टेकते ती आट्यांची बैठक) थोड्या फिरवून सैल करा, दुसऱ्या दोन तेवढ्याच आवळा आणि पन्नासच्या आसपास आणा. शेवटी लिंक अशा लांबीवर जोडा की बोल्ट हाताने सरकला पाहिजे. ठोकून बसवला तर बारमध्ये आधीच पीळ राहतो आणि सगळी मेहनत वाया.

वेगवान सर्किटवर हिशेब वेगळा. मद्रासचा ट्रॅक ३.७१७ किमीचा, बुद्ध सर्किट ५.१२५ किमीचं आणि त्याची मागची सरळ रेघ किलोमीटरहून लांब. वेग दुप्पट झाला की डाउनफोर्स (हवेचा गाडीला खाली दाबणारा जोर) चौपट होतो, गाडी दबते, तळ घासतो. तिथे स्प्रिंगला वळणाबरोबर हाही भार पेलायचा असतो, म्हणून त्या कडक. स्टुडंट गाडीला याची गरज नाही, त्यामुळे एफ-वनच्या सेटअपची नक्कल करू नका.

टायरच्या हवेचा एक हिशेब मात्र सोबत ठेवा. १५ अंश तापमानाला १२ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) भरलेला टायर ३५ अंशाला जवळजवळ १४ होतो. मे महिन्यात तळपत्या पार्किंगमध्ये बसलेला ‘चांगला’ आकडा कोइंबतूरच्या सकाळी उपयोगाचा नाही. तिथे गरम टायरचा दाब मोजायचा आणि त्यावरून थंड टायरमध्ये किती भरायचं ते ठरवायचं. पहिल्या लॅपनंतर लगेच, गेज हातात धरूनच पिटमध्ये उभं राहायचं, कारण दोन मिनिटांत तो आकडा उतरायला लागतो.