सगळ्या वॉर्डाचा श्वास २० कसा काय?

परवा आमच्या मेडिकल वॉर्डला जीएनएम नर्सिंगच्या सेकंड इयरच्या मुली पोस्टिंगला आल्या. सकाळच्या व्हायटल्स, म्हणजे ताप, नाडी, श्वास वगैरे, घेऊन झाल्या आणि चार्ट माझ्या पुढ्यात आले. टेम्परेचर वेगवेगळं, पल्स वेगवेगळी, आणि रेस्पिरेशनच्या, म्हणजे मिनिटाला किती श्वास त्या, रकान्यात मात्र वरपासून खालपर्यंत २०, २०, २०, मध्येच एखादं १८. मी रागावले नाही, कारण मी स्वतः हेच केलेलं आहे आणि ते अजून विसरलेले नाही.

मी शिकत होते तेव्हा, कोल्हापुरातलंच एक हॉस्पिटल. वॉर्ड भरलेला, आम्ही तिघीच स्टुडंट, राउंडच्या आत चार्ट पूर्ण पाहिजेत म्हणून घाई, मग पल्स १५ सेकंद मोजून चारनं गुणायची आणि श्वास न मोजताच २० लिहून पुढचा बेड. गावाकडचे एक आजोबा होते, उशीला टेकून बसलेले. "काय त्रास होतोय का आजोबा?" म्हटलं तर म्हणाले, "काय न्हाई पोरी, रातीपासनं जरा आडवं पडवंना झालंय." मी हं म्हटलं आणि २० लिहिलं. थोड्या वेळानं इन-चार्ज सिस्टर आल्या, बेडच्या पायथ्याशी नुसत्या उभ्या राहिल्या, घड्याळाकडं बघत मिनिटभर. ३४. लगेच डॉक्टरांना कॉल, ऑक्सिजन, लघवीवाटे पाणी काढणारं लॅसिक्स, फुफ्फुसात पाणी झालं होतं. आजोबा वाचले. सिस्टर मला ओरडल्या नाहीत, फक्त पुढचा आठवडाभर रोज प्रत्येक पेशंटचा श्वास पूर्ण एक मिनिट त्यांच्यासमोर मोजायला लावला.

आता वाटतं, हे आधी कुणीतरी शेजारी उभं राहून शिकवायला हवं होतं. लॅबमध्ये साध्या डमीवर इंजेक्शन, कॅथेटर, बेड बाथ सगळ्याचे डेमो झाले, पण ती डमी श्वास घेत नाही ना. आणि लॉगबुकात प्रोसिजर नुसती लांबून बघितली तरी सही मिळायची. हे मला तेव्हाही खटकायचं आणि आज तर जास्तच खटकतं, कारण त्या सहीवर विश्वास ठेवून उद्या ती मुलगी नाईटला एकटी असणार आहे.

तर मी मुलींना जे करून दाखवलं ते असं. पल्स मोजून झाली की मनगट सोडायचं नाही, पेशंटचा हात तसाच त्याच्या छातीवर ठेवायचा आणि न बोलता छातीची हालचाल मोजायची. श्वास मोजतेय असं सांगायचं नाही, सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. पूर्ण ६० सेकंद. मोठ्या माणसाला १२ ते २० नॉर्मल, २५ किंवा जास्त आले तर चार्टवर लिहून पुढं जायचं नाही, आधी कळवायचं. ऑक्सिमीटरवर ९६ दिसतंय म्हणून निवांत राहू नका, शरीर जोरजोरात श्वास घेऊन तो आकडा सांभाळत असतं, आणि तो खाली येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो. मानेचे स्नायू ओढले जातायत का, बोलताना वाक्य तुटतंय का, हे पण त्याच मिनिटात दिसतं.

पुढं पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, पोस्टिंग लागेल तेव्हा तर हेच कामाला येणार आहे. खोकला असलेलं बाळ, दोन महिन्यांच्या आतलं असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतलं असेल तर ५०, एक ते पाच वर्षांचं असेल तर ४०, याला जलद श्वास म्हणायचं आणि न्यूमोनियाचा विचार करायचा. तिथं एक्स-रे नसतो. बाळ रडत असेल तर थांबायचं, शांत झालं की आईच्या मांडीवरच मोजायचं. आणि महाद्वार रोडला साधं सेकंद काट्याचं घड्याळ मिळतं तेवढं घ्या ग पोरींनो, मोबाईल वॉर्डात काढू नका.

मग त्यांना घेऊन परत पहिल्या बेडपासून सुरुवात केली, जेवणाची वेळ झाली तरी आम्ही वॉर्डातच. तेरा नंबरच्या काकूंपाशी एकजण थांबली, परत मोजलं, आणि धावत मला बोलवायला आली, "मॅडम, २६ येतायत." मी मोजले, २६च. डॉक्टरांना कळवलं. चार्टवर तिनं २० वर एकच आडवी रेघ मारली, शेजारी २६ लिहिलं, वेळ टाकली आणि सही केली.