सालीचा काढा: सूज कुठे उतरते, कुठे नाही

तोंड आलं किंवा हिरड्या सुजल्या की पुण्यातल्या बऱ्याच घरांत अजूनही बाभळीची किंवा उंबराची साल उकळून गुळण्या करतात. आराम पडतो. मग त्याच भरवशावर कोणी गुडघ्यासाठी तसलाच काढा प्यायला लागतं आणि महिनाभराने ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून देतं. यात दोष काढ्याचा नाही. तुरट साल प्रत्यक्ष जिथे लागते तिथली सूज ती उतरवते. पोटातून सांध्यापर्यंत तशीच पोचेल, असं धरून चालता येत नाही.

कारण सालीतल्या टॅनिन या तुरट द्रव्यात आहे. सुजलेल्या जागी बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि त्यांतून पाणी झिरपतं. टॅनिन तिथल्या प्रथिनांना धरून पातळ थर तयार करतं. त्यामुळे झिरपणं कमी होतं, उघड्या पडलेल्या मज्जातंतूंना झाकण मिळतं आणि आग शमते. कच्चं केळं किंवा सुपारी खाल्ल्यावर जीभ आखडते, ती हीच क्रिया. पण टॅनिनचे मोठे रेणू आतड्यातून फारसे शोषले जात नाहीत. काहींचं मोठ्या आतड्यातले जिवाणू लहान रेणूंत रूपांतर करतात, मात्र ते किती करतील हे माणसागणिक बदलतं. विलो नावाच्या झाडाच्या सालीची गोष्ट वेगळी. तिच्यातलं सॅलिसिन (१८२८ साली वेगळं काढलं गेलं) पोटातून रक्तात जातं आणि दुखणं कमी करतं. वडा-पिंपळाच्या सालीकडून ती अपेक्षा ठेवू नये. उंदरांच्या पंजावरची सूज अर्काने कमी झाल्याचे प्रयोग पुष्कळ आहेत, पण तिथला अर्क आणि मात्रा घरच्या काढ्यापेक्षा फार वेगळी असते.

बाहेरून वापरायला सगळ्यात भरवशाचं म्हणजे पंचवल्कल. वड, उंबर, पिंपळ, प्लक्ष आणि पारीष म्हणजे परसपिंपळ, या पाच साली समभाग. पारीषाच्या जागी कोणी शिरीष घेतात, कोणी वेतस. प्लक्ष मिळाला नाही तर उरलेल्या चारांवर काम भागतं. वड, उंबर, पिंपळ आणि प्लक्ष ही चारही एकाच कुळातली झाडं आहेत.

रविवार पेठेत काष्ठौषधीच्या दुकानांत साल मिळते. तयार चूर्ण घेऊ नका, साल अख्खी घ्या. चुर्णात काय मिसळलंय ते डोळ्यांना कळत नाही. सोसायटीच्या भिंतीलगत ओळीने उभं असलेलं उंच, निमुळतं झाड लोक अशोक समजतात. तो खरा औषधी अशोक नव्हे, आणि त्याची साल सर्रास अशोक म्हणून विकली जाते. अर्जुनाच्या नावाखाली ऐन या दुसऱ्याच झाडाची साल येते. अर्जुनाची साल बाहेरून गुळगुळीत, राखाडी आणि आतून गुलाबीसर असते. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी खोल भेगांची, काळपट. रस्त्याकडेच्या वडाची साल तर अजिबात खरवडू नका. तिच्यावर वाहनांचा धूर आणि धूळ बसलेली असते, शिवाय खोडाभोवतीचं कडं निघालं तर पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही आणि झाड मरतं.

आता काढा. साल धुऊन, वाळवून खलबत्त्यात जाडसर भरडा, तांदळाच्या कण्यांएवढी. मिक्सरमध्ये पीठ केलं तर ते कापडातून गाळलं जात नाही, तळाशी चिकटून करपतं आणि काढ्याला जळका वास येतो. मोठे तुकडे ठेवले तर आतला भाग कोराच राहतो. ५० ग्रॅम भरडीला सोळापट, म्हणजे ८०० मिली पाणी, आणि आटवून चौथा हिस्सा, २०० मिली, ठेवायचं. आधी भरडीत २०० मिलीच पाणी घालून ढवळा, लाकडी चमचा उभा धरून पाणी कुठवर येतं तिथे खूण करा, मग बाकीचं ६०० मिली ओता. नुसत्या पाण्यावर खूण केली तर भरडीची जागा हिशेबात येत नाही आणि काढा गरजेपेक्षा जास्त आटतो. रात्रभर भिजवा. सकाळी पातेलं झाकण न ठेवता मंद आचेवर ठेवा. वेळ पातेल्याच्या पसरटपणावर ठरते, म्हणून घड्याळाकडे न बघता खुणेकडे बघा. मोठ्या आचेवर पाणी उडून जातं पण साल नीट उतरत नाही. काढा फिका तांबूस दिसतो आणि जिभेला पुरेसा तुरट लागत नाही. गाळताना कापड घट्ट पिळा, चोथ्यात बराच काढा अडकलेला असतो.

भांडं स्टीलचं किंवा कल्हई केलेलं घ्या. लोखंडी कढईत टॅनिन आणि लोह मिळून काढा शाईसारखा काळा होतो. हीच गोष्ट तपासणीलाही कामी येते: थोड्या काढ्यात गंजका खिळा टाकून ठेवा, निळसर किंवा हिरवट काळं झालं तर टॅनिन उतरलंय. झाड कोणतं, ते मात्र यावरून कळत नाही. पाणी खडकवासल्याचं नळाचं वापरा. बोअरच्या जड पाण्यात काढा गढूळ होतो आणि त्यावर चहासारखी साय धरते.

काढा त्याच दिवशी वापरा, फार तर फ्रीजमध्ये दुसऱ्या सकाळपर्यंत. बुडबुडे, तवंग किंवा आंबूस वास आला की ओतून द्या. गुळण्यांसाठी कोमट काढा ५० मिली, मिनिटभर तोंडात धरून थुंकायचा, दिवसातून तीन-चारदा. रोज महिनोन्महिने केल्यास दातांवर डाग पडतात. मूळव्याधीच्या सुजेला कोमट पाण्याच्या टबात हा २०० मिली काढा ओतून दहा मिनिटं बसावं. खरचटलेलं धुवायला चालतो, पण खोल जखम, भाजल्याचे फोड किंवा मधुमेही माणसाच्या पायाची जखम यांवर घरी प्रयोग नकोत. डोळ्यांत तर थेंबही नको.

पोटात घ्यायच्या सालींत अर्जुनाचा क्षीरपाक नेहमीचा: साल ५ ग्रॅम, दूध ४० मिली, पाणी १६० मिली, आणि पाणी आटून दुधाएवढं उरेपर्यंत मंद आच. आच वाढली की तुरटपणामुळे दूध फाटतं, म्हणून सतत ढवळायचं. हृदयाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगूनच घ्या, गोळी बंद करून तर कधीच नाही. गरोदरपणात वैद्यांच्या सल्ल्याशिवाय कुठलीच साल नको. बद्धकोष्ठ असेल तर तुरट काढ्याने ते वाढतं. टॅनिन अन्नातलं लोहही बांधून ठेवतं, म्हणून लोहाची गोळी आणि काढा यांत किमान दोन तासांचं अंतर ठेवा. रक्त कमी असलेल्या बायकांनी हे विशेष पाळावं.

आणि तोंडातला व्रण गुळण्या करूनही दोन आठवड्यांत भरला नाही, त्यातही मिश्री किंवा तंबाखूची सवय असेल, तर काढा उकळत बसू नका. लगेच दातांच्या डॉक्टरांना दाखवा.