लाइन गेली तरी वेबसाइट कशी चालते?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. दारव्ह्याच्या बाजारात, एसटीत, लग्नाच्या मांडवात कुणी ना कुणी विचारतंच : "काकू, गावात लाइन गेली तं तुमची वेबसाइट बी बंद पडत असन नं?"

नाही पडत, कारण ती माझ्या घरात नाहीच. मजकूर आणि फोटो मी घरच्या कॉम्प्युटरवर तयार करते आणि मोबाइलच्या नेटवरून भाड्याच्या सर्व्हरवर चढवते. सर्व्हर म्हणजे दूर कुठेतरी रात्रंदिवस चालू असणारा कॉम्प्युटर. इकडे आमची लाइन सहा तास गेली तरी पुण्यात बसलेल्या माणसाला माझ्या वऱ्हाडी शब्दांच्या साइटवर 'पऱ्हाटी'चा, म्हणजे कापसाच्या झाडाचा, अर्थ वाचता येतो. घरचा कॉम्प्युटर, साइटचं नाव आणि माझ्या फायली, काळजी घ्यावी लागते ती या तिघांची.

साइट छोटीच आहे. सासूबाईंच्या तोंडचे वऱ्हाडी शब्द मी त्यांच्या शेवटच्या वर्षांत वहीत लिहून ठेवले होते : पऱ्हाटी, डवरा, सीतादही, उलंगवाडी. प्रत्येकाचा अर्थ आणि त्या बोलायच्या तसं एक वाक्य. सोबत शकुंतला रेल्वेचे थोडे फोटो. यवतमाळ-मूर्तिजापूर अरुंद रुळांवरची ती गाडी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावत होती, हे आताच्या पोरांना सांगूनही खरं वाटत नाही.

आधी कॉम्प्युटरचं सांगते, कारण आमच्याकडे त्याचा पहिला शत्रू कापूस. वेचणी सुरू झाली की भाव येईपर्यंत कापूस घरातच असतो. ढीग पलीकडच्या खोलीत असला तरी तंतू हवेत फिरतो आणि पंख्यासोबत डब्यात ओढला जातो. एका वर्षी आमचा कॉम्प्युटर सुरू केल्यावर दहा-बारा मिनिटांनी आपोआप बंद व्हायला लागला. एका दुकानात मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलं. मला ते पटेना. मदरबोर्ड गेलेला कॉम्प्युटर रोज नेमाने दहा मिनिटं कसा चालेल? घरी आणून उघडला, तर प्रोसेसरवरच्या पंख्याखाली, जिथून गरम हवा बाहेर पडायची त्या पट्ट्यांवर, गादीसारखा थर बसलेला. प्रोसेसर तापत होता आणि जळू नये म्हणून स्वतःच बंद होत होता. रंगाच्या मऊ ब्रशने थर काढला, प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी जुनी वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. त्याच मदरबोर्डवर तो अजून चालतो. साफ करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, हवेच्या झोताने ती गरगर फिरू देऊ नका.

तेव्हापासून बिघाड 'केव्हा' होतो ते मी आधी बघते. बटण दाबताच बंद पडला तर संशय वीजपुरवठ्याच्या डब्यावर. दहा मिनिटांनी पडला तर उष्णतेवर. नुसताच बीप-बीप करतो आणि पडदा काळा राहतो, तर वायर काढून रॅमची पट्टी बाहेर घ्यायची, तिचे सोनेरी दात खोडरबराने हलकेच पुसायचे आणि नीट दाबून बसवायची. हा शेवटचा उपाय इतक्यांदा लागू पडला आहे की दुकानात नेण्याआधी तो करून बघाच.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा सगळं घर कूलरपुढे बसतं. कॉम्प्युटर मात्र त्या ओल्या झोतात ठेवायचा नाही. आणि रोहिणी-मृगाच्या वादळात नुसता प्लग काढून भागत नाही, इंटरनेटची वायरही काढायची. आमचा एक मोडेम प्लग काढलेला असतानाच जळाला. वीज फोनच्या तारेतून आली होती.

शेजारचा मुलगा एकदा जुना कॉम्प्युटर घेऊन आला. म्हणाला, "काकू, नेट चालू हाये, पण एकबी साइट उघडत नाही, सगळीकडं धोका हाये म्हनते." मी कोपऱ्यातली तारीख बघितली : १ जानेवारी २०११. मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. सेल संपला की तारीख मागे जाते. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटजवळ एक प्रमाणपत्र असतं आणि ते कधीपासून कधीपर्यंत चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं. कॉम्प्युटरला वाटतंय २०११ चाललंय, मग आजचं प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून सुरूच झालेलं नाही. सेल बदलला, तारीख लावली, सगळ्या साइट उघडल्या. त्या पोराला दुसऱ्या दिवशी परीक्षेचा फॉर्म भरायचा होता.

साइट न उघडण्याचं कारण साइटमध्येच असेल असं नाही, हे त्या दिवशी मनात पक्कं बसलं. आता कुणी "तुमची साइट बंद आहे" म्हटलं की मी आधी मोबाइलच्या नेटवर उघडते, मग दुसऱ्या कंपनीच्या सिमवर. दोन्हीकडे बंद असली तरच पुढे बघायचं : नावाची मुदत (साइटचं नावही वर्षाचे पैसे भरून घ्यावं लागतं), मग नावामागचा सर्व्हरचा पत्ता, मग प्रमाणपत्र, आणि सगळ्यात शेवटी माझ्या फायली. याच क्रमाने, कारण मी एकदा उलट केलं होतं. दोन दिवस फायली तपासत बसले आणि दोष निघाला नावाच्या मुदतीचा. वर्षाचे पैसे भरायची आठवण ज्या ईमेलवर यायची तो पत्ता मी कधीच सोडून दिला होता. मुदतीनंतरच्या सवलतीचे दिवस शिल्लक होते म्हणून नाव वाचलं, नाहीतर ते कुणीही घेऊ शकलं असतं. आता ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलेली असते.

सगळ्यात जास्त रात्री मात्र एका अक्षराने खाल्ल्या. मी पूर्वी लग्नपत्रिका जुळवायचे. त्या काळच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी आतून इंग्रजी अक्षरंच असायचं, वर फक्त मराठी मुखवटा. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर नुसता कचरा दिसायचा. सासूबाईंचे शब्द मी तसेच टाइप केले होते. पुढे ते युनिकोडमध्ये, म्हणजे जिथे मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो त्या पद्धतीत, बदलले तेव्हा 'वऱ्हाड'चं 'वर्हाड' झालं आणि 'पऱ्हाटी'ची 'पर्हाटी'. ज्या बोलीसाठी एवढा खटाटोप, तिचं नावच चुकीचं! मी हाताने एकेक शब्द दुरुस्त केला. तरी शोधात अर्धे शब्द सापडेनात. डोळ्यांना सगळे सारखेच दिसत होते. शेवटी कळलं की हा चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो : एक ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडायचा, दुसरा साध्या र चा पाय मोडून पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकायचं. माणसाला दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. मी सगळीकडे पहिला प्रकार केला आणि शोध नीट चालू लागला. असंच आणखी एक : पानाच्या सुरुवातीला भाषा मराठी असल्याची नोंद केली की काही फॉन्ट ल आणि श आपल्या वळणाचे दाखवतात. एका ओळीचं काम आहे, नक्की करा.

साइट मी साध्या पानांचीच ठेवली आहे. आधी साइट बनवून देणाऱ्या एका तयार यंत्रणेवर होती. कापसाच्या हंगामात तिचे जोडभाग अद्ययावत करायचे राहिले आणि त्या फटीतून कुणीतरी आत शिरलं. पत्ता टाकून उघडली तर साइट ठीक दिसायची, म्हणून मला पत्ताच नव्हता. गुगलवरून येणारा माणूस मात्र जुगाराच्या पानावर जायचा. सासूबाईंच्या शब्दांवर टिचकी मारली की जुगार. ते बघून मला रडू आलं. सगळं पुसलं, जुन्या प्रतीवरून पुन्हा उभं केलं आणि साधी पानं केली. त्यांत शिरायला फारशी फट उरत नाही, आणि अख्खी साइट एका पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात मावते.

ती जुनी प्रत होती म्हणून हे जमलं. एक प्रत घरच्या कॉम्प्युटरवर, एक पेनड्राइव्हवर, एक यवतमाळला बहिणीकडे, असं मी ठेवते. दर तीन महिन्यांनी प्रत उघडूनही बघते, कारण ओळखीच्या एका गुरुजींनी वर्षभर फोल्डरऐवजी त्याचा शॉर्टकटच पेनड्राइव्हवर घेतला होता. डिस्क गेली तेव्हा हातात दोन केबीची फाइल राहिली.

नाव कुठे घेतलं, सर्व्हर कुठला, मुदत कधी, पासवर्ड कोणता, हे सगळं एका वहीत आहे. ती वही सातबाऱ्याच्या फाइलीत असते, कारण आमच्या घरात ती फाइल कधी हरवत नाही. गेल्या दिवाळीत मुलगी आली होती. मी शेतात असताना तिने वही काढली आणि मला न विचारता एक शब्द चढवला : कवेलू. आमच्या जुन्या घराच्या छपराच्या फोटोसकट.